सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमधला पहिला रिसर्च प्रोजेक्ट: टॉपिकपासून व्हायवापर्यंत

शेवटच्या वर्षाचं सेमिस्टर सुरू झालं की विभागाच्या व्हरांड्यात एकच वाक्य ऐकू येतं, "सर, टॉपिक द्या ना." कुणी मागच्या बॅचची यादी मिळवतो, कुणी यूट्यूब चाळतो आणि ज्याला फारच घाई असते तो प्रोजेक्ट सेंटरवर जाऊन रिपोर्टसकट तयार माल घेऊन येतो. संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ किंवा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेलं एखादं इंजिनिअरिंग कॉलेज, यांपैकी कुठेही तुम्ही एमसीए, एमएस्सी, बीटेक करत असाल किंवा पीएचडीला नुकतंच नाव घातलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. टॉपिकची यादी इथे मिळणार नाही. आपला टॉपिक आपण कसा शोधायचा आणि तो शेवटपर्यंत कसा न्यायचा, ते सांगतो.

पायरी पहिली: ॲप वेगळं, संशोधन वेगळं

"ग्रंथालयासाठी अँड्रॉइड ॲप" हा प्रोजेक्ट होतो, संशोधन होत नाही. ॲप तयार झाल्यावर आधी कुणाला माहीत नव्हतं असं काय कळलं, याला त्यात उत्तर नसतं. उपयोजित सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये अभ्यास करायचा असतो तो सॉफ्टवेअर बांधणं, तपासणं, दुरुस्त करणं आणि चालतं ठेवणं या कामाचा. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिशला नाटोने भरवलेल्या परिषदेत या शाखेचं नाव गाजलं, तेव्हाच्या तक्रारी अशा होत्या: सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, खर्च हाताबाहेर जातो, भरवसा ठेवता येत नाही. यातली एकही तक्रार आज जुनी झालेली नाही, त्यामुळे विषय संपले अशी भीती नको.

आपल्याकडे एक गल्लत सर्रास होते. कापसाच्या पानाचा फोटो काढून रोग ओळखणं, सोयाबीनचा भाव वर्तवणं हे विषय चांगले आहेत, पण ते मशीन लर्निंगचे. तेच भाव दाखवणारं ॲप दर अपडेटला का मोडतं, त्याच्या चाचण्या कशा लिहिल्या आहेत, गावात नेटवर्क गेल्यावर त्यात भरलेली नोंद कुठे जाते, हे विचारलंत की तुम्ही सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये आलात. गाईडकडे जाण्याआधी एवढा फरक डोक्यात पक्का असू द्या, निम्मी चर्चा वाचते.

पायरी दुसरी: प्रश्न शोधायला लॅबच्या बाहेर पडा

पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या आयटी कंपन्या आपल्या दाराशी नाहीत, म्हणून आपल्याकडे इंडस्ट्री प्रॉब्लेम मिळत नाही, असं मुलं म्हणतात. मला हे पटत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या इथे कमी असतील, पण वापरून वैतागलेली माणसं गल्लोगल्ली आहेत आणि संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा अशाच माणसाकडे सापडतो.

जालना, परभणी, नांदेड किंवा लातूरच्या मोंढ्यात ओळखीच्या आडतीवर सकाळचे दोन तास बसा. काही विचारू नका, नुसतं बघा. समोर संगणक असताना मुनीम सौदा आधी वहीत टिपत असेल आणि संध्याकाळी तोच पुन्हा संगणकावर चढवत असेल, तर मग विचारा, का? "स्क्रीन उघडंस्तोवर पुढच्या ढिगाची बोली सुटती, साहेब," असं काही उत्तर आलं तर ते जसंच्या तसं वहीत उतरवा. "प्रणाली संथ आहे" असं त्याचं पुस्तकी मराठी करू नका. त्या एका वाक्यात मोजता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत: स्क्रीन उघडायला किती वेळ लागतो, दोन बोलींमध्ये किती वेळ मिळतो आणि दुहेरी नोंदीत किती चुका शिरतात.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत वेगळी गंमत आहे. सुट्या भागांच्या छोट्या युनिटमध्ये ईआरपी, म्हणजे कारखान्याचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, असतं आणि त्याच्या बाजूला एक्सेलची एक फाईल असते, जिच्यावाचून डिस्पॅच हलत नाही. ती फाईल कुणी लिहिली, तिचे मॅक्रो, म्हणजे आतले छोटे प्रोग्राम, कोण सांभाळतं, तो माणूस रजेवर गेला तर काय होतं, हा देखभालीवरचा चांगला केस स्टडी आहे. मात्र पहिल्याच भेटीत सोर्स कोड मागू नका. कोणताही मालक देणार नाही आणि तुमच्यासाठी पुढचं दारही बंद होईल. बदलाच्या मागण्यांची यादी, तक्रारींची नोंदवही, जुनी ईमेल एवढ्यापासून सुरुवात करा, तीही कंपनीचं आणि लोकांचं नाव रिपोर्टमध्ये येणार नाही असं लेखी देऊन. तुमच्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग असेल तर ते जिथे करता तिथेच प्रश्न शोधा, दोन कामं एका फेरीत होतात. संभाजीनगरात सीएमआयए या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने उभं राहिलेलं मॅजिक हे इन्क्युबेशन केंद्र आहे. स्टार्टअपवाल्यांना गाठायचं असेल तर तिकडे चक्कर मारा.

आणि बाहेर पडायला खरंच जमत नसेल तर कॉलेजचं ग्रंथालय तरी आहेच. पुढचं उदाहरण मी तिथलंच घेतोय.

पायरी तिसरी: प्रश्न इतका बारीक करा की उत्तर "नाही" सुद्धा येऊ शकेल

समजा ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "मराठी लेखकाचं नाव टाकलं की कधी सापडतं, कधी नाही. पुस्तक मात्र समोर रॅकवर असतं." ही झाली तक्रार. तिच्यापासून प्रश्नापर्यंत कसं जायचं ते बघू.

"कऱ्हाळे" हे आडनाव घ्या. यातला अर्धा र संगणकात निदान तीन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१. त्याला हलन्त जोडला की एक तऱ्हा झाली. साधा र (०९३०), त्याखाली नुक्ता (०९३सी) आणि मग हलन्त, ही दुसरी. साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक (२००डी), ही तिसरी. कोणत्या कीबोर्डवर टाईप केलं त्यावर ठरतं काय साठेल. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, माणसाला फरक कळत नाही, पण अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या प्रोग्रामला ती तीन वेगळी नावं वाटतात. युनिकोडचं एनएफसी नावाचं प्रमाणीकरण (नॉर्मलायझेशन) पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, तिसरी मात्र तशीच राहते. म्हणजे "आम्ही नॉर्मलायझेशन केलंय" असं एखाद्या डेव्हलपरने छातीठोकपणे सांगितलं, तरी शोध फसू शकतो.

आता प्रश्न घडवा. अनेक कॉलेजांच्या ग्रंथालयांत कोहा ही प्रणाली चालते. न्यूझीलंडमधून २००० साली सुरू झालेली ही प्रणाली मुक्तस्रोत आहे, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर ती उभी करून हवी तशी चाचपता येते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं सोल हे सॉफ्टवेअरही खूप ठिकाणी आहे, पण त्याचा कोड खुला नाही, म्हणून पहिल्या प्रोजेक्टला कोहा बरं. कोहाचा शोध झेब्रा किंवा इलास्टिकसर्च यांपैकी एका शोधयंत्रावर चालतो आणि झेब्रामध्ये सूची बांधण्याच्या सीएचआर (अक्षरांच्या ठरावीक तक्त्यावर चालणारी) आणि आयसीयू (युनिकोडच्या नियमांवर चालणारी) अशा दोन पद्धती आहेत. प्रश्न असा तयार झाला: "सीएचआर, आयसीयू आणि इलास्टिकसर्च या तीन मांडण्यांपैकी प्रत्येक मांडणी ऱच्या तीन लेखनतऱ्हांपैकी किती जोड्या एकच मानते?" नोंद तीन तऱ्हांची, शोधाचा शब्दही तीन तऱ्हांचा, म्हणजे एका नावाच्या ९ जोड्या. अशी १०० नावं घेतली की एका मांडणीवर ९०० शोध आणि तिन्ही मांडण्यांवर मिळून २,७०० शोध. एका सेमिस्टरमध्ये आरामात बसेल असं काम आहे.

या प्रश्नात तीन गुण आहेत. उत्तर आधीच ठरलेलं नाही, मोजायचं काय ते स्पष्ट आहे आणि एकही जोडी फसली नाही तरी ते लिहिण्याजोगं उत्तर आहे. "मराठी ग्रंथालय प्रणालीत सुधारणा करणे" या शीर्षकात यातला एकही गुण नाही.

याच घराण्यातला आणखी एक विषय सांगून ठेवतो, कुणाला उपयोगी पडला तर पडो. पायथनमध्ये "१२" ही देवनागरी अक्षरं पूर्णांकात बदलायला सांगितली तर बारा मिळतात. जावास्क्रिप्टला तेच सांगितलं तर "हा अंकच नाही" असं उत्तर येतं. ज्या अर्जाचा पुढचा भाग जावास्क्रिप्टमध्ये आणि मागचा पायथनमध्ये असेल, तिथे मराठी कीबोर्डवरून भरलेल्या मोबाईल क्रमांकाचं काय होतं? मुक्तस्रोत प्रकल्पांत तपासून बघा.

फक्त एक पथ्य. चालू सरकारी पोर्टलवर, बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या साईटवर स्क्रिप्ट लावून असले प्रयोग करू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक प्रणालीत हात घालणं माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ खाली येऊ शकतं आणि "सर, प्रोजेक्ट होता" हा बचाव नाही. प्रयोग आपल्या मशीनवर, आपल्या प्रतीवर.

पायरी चौथी: आधी कुणी केलंय ते बघा

गुगल स्कॉलर, डीबीएलपी (संगणकशास्त्रातल्या पेपरांची सूची) आणि अर्काईव्ह (arXiv, पेपरांच्या मोफत प्रतींचा साठा) या तीन जागा पुरेशा आहेत. पेपरसाठी पैसे मागितले तर घाबरू नका. लेखकांनी स्वतःची प्रत बऱ्याचदा अर्काईव्हवर ठेवलेली असते. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजना सुरू झाली आहे आणि तिच्यात ३० प्रकाशकांची नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मिळतात. आपली संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. भारतातले पीएचडी प्रबंध शोधगंगेवर असतात. तिथे आपल्याच विद्यापीठातले जुने प्रबंध चाळले की आपल्याकडे काय चालतं याचा अंदाज येतो, आणि काय चालायला नको होतं याचाही.

नेमका एक चांगला पेपर सापडला की त्याच्या संदर्भयादीतून मागे जा आणि तो पुढे कुणी उद्धृत केला ते बघत पुढे या. अशाने दोन आठवड्यांत पंधरा-वीस कामाचे पेपर हाती लागतात. पेपर पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका. सारांश, मग शेवटचा निष्कर्ष, मग तक्ते, आणि पटलं तरच पद्धत. प्रत्येकासाठी चार ओळी लिहा: प्रश्न काय, डेटा कुठला, निकाल काय, मला कुठे शंका आली. चौथी ओळ सगळ्यात मौल्यवान, पुढे तिच्यातूनच तुमचं प्रकरण उभं राहतं.

नवख्यांनी पुनरावृत्तीचा, म्हणजे रेप्लिकेशनचा, विचार जरूर करावा. दुसऱ्याने केलेला अभ्यास वेगळ्या डेटावर किंवा आपल्या परिस्थितीत पुन्हा करून बघणं. काही परीक्षकांना यात नवीन काही नाही असं वाटतं, पण या क्षेत्रात त्याला मान आहे आणि शिकायला याहून चांगली वाट मला माहीत नाही.

पायरी पाचवी: गाईड, सिनॉप्सिस आणि कागदपत्रं

गाईडकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. एका पानावर प्रश्न, दोन-तीन पेपर, डेटा कुठून येणार आणि सेमिस्टरचं ढोबळ वेळापत्रक एवढं लिहून न्या. सर किंवा मॅडम एकाच वेळी बऱ्याच गटांना बघत असतात. पान समोर असलं की "बघू" ऐवजी "हे बदल, ते ठेव" असं ऐकायला मिळतं. दर भेटीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी तीन ओळींच्या ईमेलने कळवा. हे आगाऊपणाचं वाटेल, पण महिन्याभराने "मी असं कुठं म्हणालो होतो?" हा प्रसंग टळतो.

पीएचडीवाल्यांसाठी थोडक्यात: यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, आणि प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती त्या नियमावलीत राहिलेली नाही. विद्यापीठ स्वतःचे नियम लावू शकतं, म्हणून आपल्या विद्यापीठाचं परिपत्रकच प्रमाण माना. आरआरसीसमोर, म्हणजे संशोधनाच्या विषयाला मंजुरी देणाऱ्या समितीसमोर, बसताना शीर्षक लहान ठेवा. "अ नॉव्हेल हायब्रिड ऑप्टिमाइज्ड" अशा शब्दांची आगगाडी लावलीत की समिती प्रत्येक डब्यात शिरून विचारते.

पायरी सहावी: मोजमाप कसं करणार ते आधी ठरवा

बहुतेक प्रोजेक्ट इथे घसरतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली गोष्ट, तुलना कशाशी करणार? समजा १,००० अर्जांपैकी ५० अर्जांत चूक आहे. "सगळे अर्ज बरोबर" असं डोळे झाकून सांगणारा प्रोग्राम ९५ टक्के अचूक ठरतो आणि चुकीचा अर्ज एकही पकडत नाही. तुमच्या मॉडेलची ९४ टक्के अचूकता रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत छापण्याआधी हे गणित करून बघा. खरे दोष किती पकडले आणि पकडलेल्यांपैकी खरे किती, हे दोन आकडे वेगवेगळे द्या.

दुसरी गोष्ट, डेटा कुठून आला? सॉफ्टवेअरमधले दोष आधीच ओळखणे हा आपल्याकडचा लाडका विषय आहे आणि त्यासाठी नासाचे जुने डेटासेट हमखास उचलले जातात. त्या डेटासेटमध्ये दुबार नोंदी आणि एकमेकींशी विसंगत नोंदी आहेत, हे २०१३ मध्ये आयईईईच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या नियतकालिकात सविस्तर दाखवलेलं आहे. तीच नोंद शिकवायच्या डेटात आणि तपासायच्या डेटात दोन्हीकडे पडली की निकाल झकास येतो आणि त्याला काही अर्थ नसतो. ते डेटासेट वापरायचेच असतील तर आधी साफ करा आणि कसे केले ते लिहा. जावाच्या खऱ्या बगांवर काम करायचं असेल तर डिफेक्ट्सफोरजे (Defects4J) हा अशा बगांचा संग्रह आहे. कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासातून स्वतः डेटा काढायचा असेल तर पायड्रिलर हे पायथनचं साधन शिकायला सोपं आहे. वेळेशी जोडलेल्या डेटाची विभागणी वेळेनुसारच करा: जुन्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलांवर) शिका, नव्यावर तपासा. उलटसुलट मिसळलंत तर तुमचा प्रोग्राम उद्याचं बघून आजचं सांगतो.

तिसरी, सध्याची. चॅटजीपीटी, कोपायलटसारख्या साधनांकडून टेस्ट केस किंवा कोड लिहून घेऊन त्यांची तपासणी करणं हा विषय आज प्रत्येकाला हवा असतो. घ्या जरूर. मात्र तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिला की उत्तर बदलतं, म्हणून प्रत्येक प्रॉम्प्ट अनेकदा चालवा आणि निकालांचा पसारा दाखवा, एकच चांगला निकाल नको. मॉडेलचं नेमकं नाव आणि आवृत्ती, तारीख, टेंपरेचर (उत्तरात किती फरक पडू द्यायचा ते ठरवणारा आकडा) आणि प्रॉम्प्टचा शब्दन्‌शब्द जपून ठेवा. सहा महिन्यांनी ते मॉडेल बंद झालेलं असू शकतं.

दोन पद्धतींची तुलना करताना नुसत्या सरासरीवर जाऊ नका. फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते बघणारी मॅन-व्हिटनीसारखी चाचणी आणि सोबत फरक केवढा आहे ते सांगणारं माप, दोन्ही द्या. आकडेशास्त्र कच्चं असेल तर शेजारच्या संख्याशास्त्र विभागात जा. चहावर कामं होतात.

पायरी सातवी: मांडामांड आणि लाईट

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर कोहाच्या उदाहरणातल्या तिन्ही मांडण्या एकदम उभ्या करू नका, इलास्टिकसर्च एकटंच बरीच मेमरी खातं. डॉकरवर (सॉफ्टवेअर बंदिस्त डब्यात चालवणारं साधन) एक उभी करा, मोजा, बंद करा, मग दुसरी. कोहाच्या विकसकांनी चाचणीसाठी डॉकरची तयार मांडणी ठेवलेली आहे, तिने बराच वेळ वाचतो.

रात्री स्क्रिप्ट लावून झोपायचं आणि पहाटे लाईट गेलेली, हे आपल्याकडे गृहीत धरूनच प्रोग्राम लिहा. प्रत्येक शोधाचा निकाल लगेच फाईलमध्ये लिहिला गेला पाहिजे आणि पुन्हा सुरू केल्यावर स्क्रिप्टने जिथे थांबली तिथून उचललं पाहिजे. २,७०० निकाल मेमरीत साठवून शेवटी एकदम लिहायची कल्पना सोडून द्या. सगळं गिटमध्ये ठेवा, रिपोर्टसुद्धा. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" अशा नावांच्या फाईली दिसल्या की परीक्षकाला सगळं कळतं. संदर्भांची यादी सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, पहिल्या दिवसापासून.

पायरी आठवी: माणसांवर चाचणी घेणार असाल तर

"गुगल फॉर्म बनवला, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, ९० टक्के लोक समाधानी" हा प्रकार थांबवायला हवा. ग्रुपमधले तुमचेच मित्र, फॉर्म भरणार तुमच्यासाठी, आणि ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर आहे तो मुनीम किंवा ती ग्रंथपाल त्या ग्रुपमध्ये नाहीच.

खऱ्या वापरकर्त्याला खरं काम द्या आणि गप्प बसून बघा. मदत करायचा मोह आवरा. तो कुठे अडला, काय पुटपुटला, किती वेळ लागला ते टिपा. मग शेवटी वापरसुलभतेची एसयूएस ही प्रश्नावली द्या. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये ती तयार केली. दहा विधानं आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकाच्या विधानांचे गुण ५ मधून वजा करायचे आणि बेरजेला २.५ने गुणायचं. समजा एका मॅडमनी विषम विधानांना ४, ४, ३, ५, ४ दिले. वजाबाकीनंतर ३, ३, २, ४, ३ म्हणजे १५. सम विधानांना २, १, ३, २, २ दिले, ते झाले ३, ४, २, ३, ३ म्हणजे आणखी १५. बेरीज ३०, गुणिले २.५, म्हणजे ७५. ही टक्केवारी नव्हे. सरासरी साधारण ६८ धरतात, त्यामुळे ७५ म्हणजे बरं, आणि ५५ म्हणजे काळजीचं. विधानं मराठीत करताना निम्मी विधानं उलट अर्थाची आहेत हे विसरू नका. तोंडी विचारत असाल तर "फार किचकट वाटलं" या विधानावर लोक सवयीने मान डोलावतात.

संमती लेखी घ्या, सोप्या मराठीत, अर्ध्या पानात: काय करायचंय, किती वेळ, नाव कुठेही येणार नाही, मध्येच उठून जायची मोकळीक आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. फोन नंबर, आधार, सातबाऱ्यावरची नावं यांची गरज नसेल तर गोळाच करू नका.

पायरी नववी: लिहिणं

रिपोर्टची पहिली तीस पानं "सॉफ्टवेअर म्हणजे काय, एसडीएलसी म्हणजे काय" यात घालवू नका. बाहेरून येणारा परीक्षक ते वाचत नाही. प्रश्न, आधीचं काम, पद्धत, निकाल आणि मर्यादा, या क्रमाने लिहा. मर्यादांच्या प्रकरणाला लाजू नका. कोहाच्या अभ्यासात सरळ लिहायचं की ही १०० नावं एकाच ग्रंथालयातली आहेत, आम्ही फक्त ऱ बघितला, ॲ या अक्षराच्या वेगवेगळ्या लेखनतऱ्हा बघितल्या नाहीत. तुमची कमजोर बाजू तुम्हीच नीट मांडलीत की व्हायवात ती शोधून काढण्याचं काम उरत नाही.

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत. पण आकडा खाली आणण्यासाठी वाक्यातले शब्द फिरवत बसणं हा धंदा वाईट. पेपर मिटवून ठेवा आणि जे समजलं ते स्वतःच्या शब्दांत लिहा, आकडा आपोआप खाली येतो. इंग्रजी कच्चं असेल तर आधी मराठीत लिहून काढा. विचार पक्का झाला की इंग्रजी करणं एवढं अवघड जात नाही.

पेपर छापायची घाई असेल तर सावध. "तीन दिवसांत स्वीकृती, प्रमाणपत्रासह" असा व्हॉट्सॲप आला की तिथे पैसे भरू नका. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केल्यापासून चांगलं-वाईट ओळखायची जबाबदारी आपल्यावर आणि आपल्या संस्थेवर आली आहे. संपादक मंडळातल्या दोन नावांना त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा आणि मागच्या अंकातले दोन पेपर वाचा, अर्ध्या तासात वास येतो. भारतात या शाखेची स्वतःची परिषद आहे, आयसेक, २००८ पासून. तिथे विद्यार्थ्यांनी पेपर पाठवून बघावा. नाकारला तरी परीक्षकांचे शेरे मिळतात आणि ते फुकट शिकवणीसारखे असतात. त्याआधी सराव म्हणून राज्यातल्या विद्यापीठांची आविष्कार ही संशोधन स्पर्धा आहे. पोस्टरसमोर उभं राहून दुसऱ्या शाखेच्या परीक्षकाला आपला प्रश्न थोडक्यात समजावता आला तर व्हायवाची निम्मी तयारी झाली.

पायरी दहावी: व्हायवा आणि त्यानंतर

व्हायवात तीन प्रश्न ठरलेले असतात: हे आधी कुणी केलं नव्हतं का, याच पद्धतीने का केलं, आणि निकाल उलटा आला असता तर? तिघांच्या गटात प्रत्येकाला तिन्हींची उत्तरं यायला हवीत. "ते माझ्या पार्टनरने केलंय" हे वाक्य परीक्षकाने ऐकलं की पुढचे सगळे प्रश्न तुमच्याकडेच वळतात. डेमो लाईव्ह ठेवा, पण स्क्रीन रेकॉर्डिंग पेनड्राईव्हमध्ये असू द्या, प्रोजेक्टरचा आणि कॉलेजच्या वायफायचा भरवसा नाही.

बायंडिंग झालं, मार्क मिळाले, की रिपोर्ट कपाटात जातो. त्याआधी तासाभराची तीन कामं उरकून घ्या. कोड, नावांची यादी आणि निकाल झेनोडो या संशोधनाच्या खुल्या साठ्यावर चढवा. तिथे कायमचा डीओआय (ओळख क्रमांक) मिळतो आणि गिटहबवरची आवृत्ती थेट जोडता येते. दुसरं, ज्या मांडणीत जोड्या फसल्या तिची तक्रार बगझिला या कोहाच्या दोषनोंदीच्या साईटवर नोंदवा: आवृत्ती कोणती, शोधयंत्र कोणतं, कोणती नोंद कोणत्या तऱ्हेने साठवली, शोधात काय टाकलं, काय यायला हवं होतं आणि काय आलं. सोबत दोन-तीन नावांची छोटी चाचणी फाईल जोडा, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या विकसकाला मराठी कीबोर्ड नसला तरी प्रयोग करून बघता येईल. तिसरं, ग्रंथपाल मॅडमना एक पान मराठीत लिहून द्या, कोणती मांडणी निवडायची आणि नावं भरताना कोणता कीबोर्ड वापरायचा ते. रिपोर्टची प्रत त्यांना नाही दिली तरी चालेल.